खोकता येईल इतकी भूल

कोकणातल्या दिवेआगरहून छातीच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या माणसाचा रस्ता ठरलेला असतो. बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव आणि तिथून महामार्गाने मुंबई. बहुतेकदा परळ, कारण केईएम आणि टाटा मेमोरियल ही दोन्ही मोठी रुग्णालयं तिथे आहेत. निघण्याआधी घरात बोलणं होतं ते ऑपरेशनचं. किती तास चालेल, खर्च किती येईल, गाठ सगळी निघेल ना, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसेल ना. फुफ्फुसाबद्दल कुणी विचारत नाही. आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्ण अडकतो तो पुष्कळदा तिथेच. टाके छान, रक्तस्राव नाही, सर्जन समाधानी. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढतो, श्वास उथळ आणि भरभर होतो, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा ९० च्या खाली उतरतो. एक्स-रेत फुफ्फुसाच्या तळाचा भाग पांढरा दिसतो.

फुफ्फुसाचा भाग मिटून बसणं, न्यूमोनिया होणं, काढलेली नळी पुन्हा घालून रुग्णाला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागणं, या सगळ्यांची गणना शस्त्रक्रियेनंतरच्या फुफ्फुसाच्या गुंतागुंतींमध्ये होते. छातीच्या भिंतीतले मज्जातंतू काही काळ बधिर केले, म्हणजे ब्लॉक दिला, तर या गुंतागुंती टळतात का, हा भूलशास्त्रातला जुना प्रश्न आहे. बराच काळ उत्तर 'हो' असं धरून चाललं गेलं. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर ते इतकं सरळ नाही. ब्लॉकमुळे रुग्णाला काही तास खोकण्याची मुभा मिळते. त्या तासांत तो खोकला, खोल श्वास घेतले, उठून बसला, चार पावलं चालला, तर फुफ्फुस वाचतं. ते तास नुसते पडून गेले, तर दुखणं कमी आणि न्यूमोनिया मात्र तसाच, असंही होऊ शकतं. या विषयातले बरेचसे मतभेद मला इथूनच निघालेले वाटतात.

आधी छाती भरते कशी ते पाहू. बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने एक खोबण असते आणि तिच्यात वरून खाली शीर, धमनी आणि मज्जातंतू अशा क्रमाने तिघं बसलेली असतात. मज्जातंतू सगळ्यात खाली, म्हणजे बरगडीचा आडोसा त्यालाच सगळ्यात कमी. सर्जन दोन बरगड्यांच्या मधून आत शिरतो आणि रिट्रॅक्टरने त्या दूर सारतो, तेव्हा हा मज्जातंतू दबतो, ताणला जातो, कधी छाती बंद करताना टाक्याखाली येतो. त्यात या जखमेला विश्रांती नाही. मोडलेला हात झोळीत ठेवता येतो, छाती मात्र मिनिटाला पंधरा-सोळा वेळा हलणारच. मग रुग्ण नकळत श्वास आखडता घेऊ लागतो.

आखडत्या श्वासाचे परिणाम लगेच दिसतात. एरवी श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात थोडी हवा शिल्लक राहते आणि तिच्या आधारावर बारीक वायुकोश उघडे राहतात. छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही शिल्लक साधारण एक तृतीयांशाने घटते. पूर्ण श्वास घेऊन एका दमात बाहेर टाकता येणारी हवा निम्म्याच्या आसपास येते. खोकल्याला तीन गोष्टी लागतात: आधी खोल श्वास, मग स्वरयंत्राची घट्ट मिटणी आणि शेवटी पोटाच्या व बरगड्यांच्या स्नायूंचा झटका. पहिली पायरीच हुकली की तिसरीत जोर उरत नाही. बेडका श्वासनलिकेत अडकतो, त्याच्यापलीकडची हवा रक्तात शोषली जाते, तो भाग मिटतो आणि तिथे जंतू वाढतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. श्वासाचा मुख्य स्नायू असलेलं श्वासपटल शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मंदावतं, आणि त्याचं कारण केवळ दुखणं नसतं. आतल्या अवयवांच्या हाताळणीतून उठणारे संदेश त्याला परस्पर दबवतात. म्हणून दुखणं शून्यावर आणलं तरी श्वास लगेच पूर्ववत होत नाही. ब्लॉककडून काय अपेक्षा ठेवायची याची पहिली मर्यादा ही.

खोकला शाबूत राहावा म्हणून भूल बेताने देण्याचा विचार क्षयाच्या काळातला आहे. क्षयावर औषधं नव्हती तेव्हा रोगट फुफ्फुसाला विश्रांती देण्यासाठी बरगड्यांचे तुकडे काढून छातीची ती बाजू बसवून टाकत. थोरॅकोप्लास्टी म्हणत तिला. ही भयंकर शस्त्रक्रिया कित्येक ठिकाणी रुग्ण जागा असताना, बरगड्यांचे मज्जातंतू बधिर करून केली जाई. कारण अगदी व्यवहारी होतं: रोगट बाजूचा पू आणि कफ चांगल्या फुफ्फुसात उतरू नये म्हणून रुग्णाला टेबलावरच खोकता यायला हवं. मिरजेजवळची वानलेसवाडी किंवा पुण्याजवळचं औंध ही नावं आपल्याकडे ज्या पिढीने धास्तीने घेतली, तिच्या काळातलं हे शास्त्र. स्ट्रेप्टोमायसीन आणि नंतरची औषधं आली, थोरॅकोप्लास्टी मागे पडली, आणि पूर्ण भुलीची तंत्रं सुधारत गेली तसा ब्लॉकही विसरल्यासारखा झाला. ह्यूगो सेलहाइम या जर्मन डॉक्टरांनी १९०५ मध्ये वर्णन केलेला, मणक्याच्या बाजूला औषध सोडण्याचा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक १९७९ मध्ये ईसन आणि वायट यांनी पुन्हा मांडला, तेव्हा त्यांच्या लेखाचा सूर फेरविचाराचाच होता.

दरम्यान पाठीतल्या एपिड्युरलने राज्य केलं. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीत बारीक कॅथेटर सरकवायचा आणि त्यातून दोन-तीन दिवस बधिरतेचं औषध थेंब थेंब सोडायचं. चांगलं बसलेलं एपिड्युरल म्हणजे चमत्कारच वाटतो: काल छाती उघडलेला माणूस आज सकाळी खुर्चीत बसून चहा घेतो. एपिड्युरलने फुफ्फुसंही वाचतात याचा पुरावाही होता. २००८ मध्ये पप्पिंग आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या आणि छातीच्या शस्त्रक्रियांवरचे ५८ अभ्यास एकत्र केले. सुमारे ५,९०० रुग्ण. इंजेक्शनने किंवा शिरेतून वेदनाशामक दिलेल्यांच्या तुलनेत एपिड्युरलवाल्यांत न्यूमोनियाची शक्यता जवळजवळ निम्मी दिसली.

पण त्याच लेखात दुसरी एक नोंद आहे, आणि मला ती या निम्म्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची वाटते. या अभ्यासांचा काळ पस्तीस वर्षांचा होता. त्या काळात एपिड्युरल मिळालेल्यांतलं न्यूमोनियाचं प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिलं. एपिड्युरल न मिळालेल्यांत ते ३४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं. एपिड्युरलचा फायदा आटला, कारण बाकी सगळी काळजी सुधारली: रुग्ण लवकर उठू लागले, वेदनाशामक औषधं नेमकी देता येऊ लागली, जखमा लहान झाल्या, श्वासाचे व्यायाम रुजले. म्हणजे ज्या रुग्णालयात ही सगळी काळजी चोख आहे, तिथे ब्लॉकने पडणारा फरक थोडा. जिथे रात्रपाळीला एक परिचारिका चाळीस खाटा सांभाळते आणि फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतो, तिथे फरक जास्त पडायला हवा. हे माझं अनुमान आहे. पण महाराष्ट्राच्या संदर्भात ब्लॉककडे बघायचं ते याच नजरेने, असं मला ठामपणे वाटतं.

एपिड्युरलची किंमतही आहे. दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो, आणि चक्कर येणाऱ्या रुग्णाला चालवता येत नाही. लघवी अडते, मग नळी राहते, नळी राहिली की रुग्ण खाटेला बांधलेला. रक्त पातळ करणारी औषधं चालू असली तर कण्यात रक्ताची गाठ होऊन पाय लुळे पडण्याचा, विरळा असला तरी, खरा धोका असतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेत तर रक्त पातळ करणारं हेपॅरिन भरपूर द्यावंच लागतं. शिवाय कॅथेटर जागचा हलला की सगळं मुसळ केरात; आणि तो हलतो, हे कुठलाही भूलतज्ज्ञ कबूल करेल.

पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक इथे पुढे आला. मणक्याच्या बाजूला, फुफ्फुसाच्या आवरणाच्या मागे, पाचरीच्या आकाराची एक चिंचोळी जागा असते. मज्जातंतू कण्यातून बाहेर पडून बरगडीकडे जाण्याआधी इथून जातो. औषध इथे सोडलं तर एकाच बाजूची छाती बधिर होते, दुसरी बाजू आणि रक्तदाब बऱ्यापैकी शाबूत राहतात. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेत सर्जन आतून, डोळ्यांनी बघत, इथे कॅथेटर ठेवू शकतो. २००६ मध्ये डेव्हिस, माइल्स आणि ग्रॅहम यांनी १० अभ्यासांतल्या ५२० रुग्णांची बेरीज मांडली: दुखणं कमी करण्यात दोन्ही सारखे, पण पॅराव्हर्टिब्रलमध्ये फुफ्फुसाच्या गुंतागुंती कमी.  दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १४ अभ्यास आणि ६९८ रुग्ण आले, आणि तिथे मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंती यांत फरक आढळला नाही. रक्तदाब उतरणं, मळमळ, खाज, लघवी अडणं हे त्रास मात्र पॅराव्हर्टिब्रलमध्ये कमी होते.

ही दोन निष्कर्षांतली तफावत गोंधळात टाकणारी वाटते, पण तिचं कारण साधं आहे. यातले बहुतेक अभ्यास न्यूमोनिया मोजायला आखलेलेच नव्हते. ते दुखण्याचा आकडा मोजायला आखलेले होते: शून्य ते दहात किती दुखतं, चोवीस तासांत किती मॉर्फिन लागलं. त्याला पन्नास-साठ रुग्ण पुरतात. शंभरात दहा-पंधरा जणांना होणारा न्यूमोनिया अर्ध्यावर आला का, हे पाहायचं तर शेकड्यांनी रुग्ण लागतात. त्यात गुंतागुंत म्हणायचं कशाला, यावर प्रत्येक अभ्यासाची व्याख्या वेगळी. कुणी एक्स-रेतला प्रत्येक पांढरा पट्टा मोजला, कुणी फक्त अँटिबायोटिक द्यावं लागलेले. अशा बेरजांमधून निघालेलं 'फरक नाही' हे विधान बेताने घ्यावं, आणि 'फरक आहे' हेही.

२०१० नंतर विषयाला नवं वळण मिळालं. स्पेनमधल्या ब्लँको यांनी २०११ मध्ये छातीच्या पुढच्या स्नायूंमधल्या ब्लॉकचं आणि २०१३ मध्ये कुशीतल्या सेरेटस ब्लॉकचं वर्णन केलं. २०१६ मध्ये कॅनडातून फोरेरो आणि सहकाऱ्यांनी इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक मांडला. हे ब्लॉक मज्जातंतूला थेट गाठत नाहीत. सोनोग्राफीत दिसणाऱ्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये औषध सोडायचं आणि ते पसरत मज्जातंतूंपर्यंत पोचू द्यायचं.

इरेक्टर स्पायनी प्रत्यक्षात कसा देतात ते जवळून बघण्यासारखं आहे. रुग्णाला बसवतात किंवा कुशीवर वळवतात. पाठीच्या पाचव्या मणक्याशी, मध्यरेषेपासून सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला, प्रोब उभा टेकवतात. पडद्यावर एकाखाली एक तीन स्नायू दिसतात: ट्रॅपेझियस, ऱ्हॉम्बॉइड आणि इरेक्टर स्पायनी. त्यांच्याखाली मणक्याच्या आडव्या फांदीची पांढरी ठळक कड आणि तिच्यामागे काळी सावली. सुई हळूहळू त्या हाडाला टेकेपर्यंत नेतात. एक-दोन मिलिलीटर सोडताच स्नायू हाडावरून उचलला जातो, मध्ये एक काळी फट उघडते आणि लांबत जाते. ती दिसली की जागा बरोबर. मग उरलेलं औषध, साधारण २० मिलिलीटर, थांबत थांबत. सुईच्या टोकाला हाड अडवून धरतं, फुफ्फुसाचं आवरण त्याच्या पलीकडे राहतं. शिकायला हा ब्लॉक सोपा आहे आणि चुकला तरी बहुधा नुसताच निरुपयोगी ठरतो, इजा करत नाही.

या सोपेपणाला मी फार मोल देतो. मात्र परिणाम दरवेळी सारखा नसतो. औषध पुढे झिरपून मज्जातंतूपर्यंत पोचेलच याची खात्री नाही. काहींच्या पाठीला उत्तम बधिरता येते आणि छातीच्या पुढच्या भागाला काहीच नाही. दुर्बिणीतून केलेल्या फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी युरोपातल्या प्रॉस्पेक्ट तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये पॅराव्हर्टिब्रल किंवा इरेक्टर स्पायनी यांना पहिली पसंती आणि सेरेटसला दुसरी दिली. हृदयाच्या शस्त्रक्रियेत बेंगळुरूच्या जयदेव संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये दोन्ही बाजूंच्या इरेक्टर स्पायनीची एपिड्युरलशी तुलना प्रसिद्ध केली. ५० रुग्णांत दोन्हींचं काम साधारण सारखं निघालं. फुफ्फुसाच्या गुंतागुंतींवर या नव्या ब्लॉकचा स्वतंत्र परिणाम किती, याचा भक्कम पुरावा अजून तुटपुंजा आहे.

आणि कोणताही ब्लॉक दिला तरी एक दुखणं त्याच्या हाती लागत नाही. छाती उघडलेल्या पुष्कळ रुग्णांचा त्याच बाजूचा खांदा ठणकतो. ती वेदना मानेतून श्वासपटलाकडे उतरणाऱ्या मज्जातंतूवाटे येते, बरगड्यांच्या मज्जातंतूंवाटे नाही. 'जखम अजिबात दुखत नाही, खांदाच जातोय,' असं रुग्ण सांगतो तेव्हा ब्लॉक फसला असं समजून औषध वाढवत बसण्यात अर्थ नसतो. तिथे सूज उतरवणारी साधी वेदनाशामकंच, मूत्रपिंड ठीक असेल तर, कामाला येतात.

ब्लॉकने उघडलेल्या तासांत काय करायचं, याचं शास्त्र खरं तर फार साधं आहे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ४४१ रुग्णांवरचा अभ्यास आला. पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रिया होत्या, छातीच्या नव्हे. पण धडा तोच. निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी फिजिओथेरपिस्टने एकदाच, अर्धा तास बसवून शिकवलं: फुफ्फुसं का भरतात, जाग आल्याआल्या कसे श्वास घ्यायचे आणि का. बाकीच्यांना नुसतं माहितीपत्रक दिलं. फुफ्फुसाच्या गुंतागुंती २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. अर्ध्या तासाचं बोलणं, यंत्र नाही, औषध नाही. बॉस्टनमधल्या एका विद्यापीठ रुग्णालयाने खोल श्वास, खोकणं, तोंडाची स्वच्छता, रुग्णाची समज, खाटेतून उठवणं आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवणं एवढ्यावर आधारलेला कार्यक्रम राबवला आणि २०१३ मध्ये न्यूमोनिया कमी झाल्याचं नोंदवलं. तो आधी-नंतरचा हिशेब होता, त्यामुळे त्याला तेवढंच वजन द्यावं. पण यातली एकही गोष्ट श्रीवर्धनच्या सरकारी रुग्णालयात अशक्य नाही.

तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र आपल्याकडे प्रत्येक रुग्णाच्या उशाशी दिसतं. ६००, ९०० आणि १,२०० असे आकडे तीन कप्प्यांवर छापलेले असतात. बहुतेक जण पहिल्यांदा त्यात फुंकतात, कारण नळी तोंडात दिली की फुंकायचं हीच सवय. 'मावशी, फुंकू नका, शहाळ्याची स्ट्रॉ ओढता तसं आत ओढा,' एवढं एक वाक्य सांगितलं की यंत्र कामाला लागतं. तेही झटक्याने ओढून तिन्ही गोळ्या वर आपटायच्या नाहीत. एक-दोन गोळ्या वर धरून ठेवत सावकाश ओढायचं. २०१३ मध्ये छाती उघडलेल्या १८० रुग्णांवर झालेल्या इंग्लंडमधल्या अभ्यासात, चांगली फिजिओथेरपी मिळत असताना या यंत्राने वेगळा फायदा दाखवला नाही. म्हणजे यंत्र नसलं तरी अडत नाही. उशी किंवा चौपदरी टॉवेल जखमेवर घट्ट दाबून, पाय खाली सोडून बसून, तोंड उघडं ठेवून 'हाः' करत हवा बाहेर ढकलली की बेडका वर सरकतो आणि मग एकच खरा खोकला पुरतो.

दिवेआगरशी या विषयाचं आणखी जवळचं नातं आहे, आणि ते सांगताना मला जड जातं. श्रीवर्धनी रोठा सुपारी ही या पट्ट्याची ओळख. कितीतरी घरं पोफळीच्या वाड्यांवर उभी आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या आडव्या केल्या तेव्हा दोन पिढ्यांचं उत्पन्न एका दुपारी गेलं. तरीही हे सांगायलाच हवं की सुपारी, तंबाखूशिवाय खाल्ली तरी, कर्करोग घडवते; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिचा पहिल्या गटात समावेश केला. तोंडाच्या कर्करोगाचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तंबाखू, सुपारी आणि दारू यांच्यामुळे अन्ननलिकेलाही धोका असतो, आणि अन्ननलिका काढण्याच्या शस्त्रक्रियेत छाती आणि पोट दोन्हींत शिरावं लागतं. फुफ्फुसाला एवढी महाग पडणारी दुसरी नियोजित शस्त्रक्रिया क्वचितच असेल.

तिथे जखमेचा आकारच निर्णायक ठरतो हे दोन चाचण्यांनी दाखवलं. २०१२ च्या युरोपीय चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांतला फुफ्फुसाचा संसर्ग छाती उघडून केलेल्यांत २९ टक्के, दुर्बिणीतून केलेल्यांत ९ टक्के. २०१९ मध्ये फ्रान्समधून आलेल्या चाचणीत छाती उघडलेलीच होती, फक्त पोटातला भाग दुर्बिणीतून केला. तेवढ्याने मोठ्या फुफ्फुस-गुंतागुंती ३० टक्क्यांवरून १८ वर आल्या. कोणत्याही ब्लॉकच्या नावावर इतका स्वच्छ फरक नाही. म्हणून परळला जाणाऱ्या माणसाने 'ब्लॉक कोणता देणार' याच्या आधी 'दुर्बिणीतून होईल का' हे विचारावं.

वाडीतला दुसरा धोका पडण्याचा. सुपारी उतरवणारा माणूस एका पोफळीच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरी धरतो. प्रत्येक झाडाला उतरून चढायला वेळ नसतो. पडला तर बरगड्या मोडतात. शस्त्रक्रिया झालेली नसते, पण फुफ्फुसाचं गणित अगदी तेच: दुखतं, श्वास आखडतो, कफ साचतो. अमेरिकेतल्या २००० सालच्या अभ्यासात वयस्क रुग्णांत प्रत्येक जादा मोडलेल्या बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १९ टक्क्यांनी वाढत गेलेला दिसला. गावात मात्र बरगडी म्हणजे 'पट्टा बांधा, पडून राहा' असा सल्ला अजून मिळतो. छाती आवळणारा पट्टा आणि पडून राहणं, दोन्ही फुफ्फुसाच्या मुळावर येतात.

इथे ब्लॉकची किंमत परळपेक्षा माणगावला जास्त आहे. परळला अतिदक्षता विभाग आहे, रात्रभर श्वास मोजणारी माणसं आहेत, मॉर्फिन आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन दुर्मीळ केलं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, पण तालुक्यापर्यंत ती अजून पुरती पोचलेली नाही. आणि मॉर्फिन असलं तरी ते श्वास मंद करतं. लक्ष ठेवायला कुणी नसेल तर चार बरगड्या मोडलेल्या म्हाताऱ्याला देणं धोक्याचं. त्याऐवजी सेरेटस ब्लॉक रुग्णाला उताणं ठेवूनही देता येतो, मान किंवा कणा दुखावल्याची शंका असली तरी. पाठीमागे मोडलेल्या बरगड्यांना तो पुरत नाही, तिथे इरेक्टर स्पायनी. बुपिव्हॅकेन या बधिरतेच्या औषधाचा एक डोस आठ-दहा तास चालतो; तेवढ्या वेळात रुग्ण बसून खोकतो, आणि मुंबईला न्यायचाच असेल तर घाटातल्या प्रत्येक खड्ड्याला कळवळत नाही.

नियम मात्र पाळायलाच हवेत. किलोमागे २ मिलिग्रॅम ही बुपिव्हॅकेनची मर्यादा धरली, तर ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे पाव टक्क्याचं औषध ४८ मिलिलीटर. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिलीटर दिलं की १०० मिलिग्रॅम झालेच. वर जखमेत सर्जनने आणखी टोचलं तर मर्यादा ओलांडली जाते. औषध रक्तात चढलं तर झटके येतात, हृदय थांबू शकतं, आणि तेव्हा २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन हाताशी लागतं. ते कपाटात नसेल तर ब्लॉक देऊ नये.

ब्लॉकसाठी लागणाऱ्या सोनोग्राफी यंत्राचाही प्रश्न आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ मध्ये. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. यंत्राची नोंदणी, ते वापरणाऱ्याची नोंद, जागा बदलण्यावर बंधनं, हे सगळं मुलींच्या जिवासाठी झगडून मिळवलेलं आहे आणि ते सैल होता कामा नये. पण यामुळे लहान रुग्णालयातला भूलतज्ज्ञ कागदपत्रांच्या धास्तीने यंत्राला हात लावत नाही, अशीही स्थिती आहे. फक्त वरवरचे स्नायू दाखवणाऱ्या, पोटातलं खोलवरचं दिसू न शकणाऱ्या प्रोबपुरती सोपी, स्पष्ट नोंदणी शासनाने ठरवून दिली तर कायद्याच्या हेतूला कुठेही धक्का लागत नाही.

शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर पहिलं काम गावातच सुरू करता येतं. विडी आणि मिश्री किमान चार आठवडे आधी बंद. दात रोज दोनदा घासणं, कारण तोंडातलेच जंतू फुफ्फुसात उतरतात. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तर आधी ते वर आणणं, आणि सर्दी-खोकला होऊन महिना उलटला नसेल तर तसं डॉक्टरांना सांगणं. २०१० मध्ये स्पेनच्या कॅटालोनियातल्या सुमारे अडीच हजार रुग्णांवरून बनवलेल्या धोका मोजण्याच्या कोष्टकात या दोन्ही गोष्टी आहेत. आणि चालणं. दिवेआगरचा किनारा सपाट आहे, चार किलोमीटरच्या आसपास. रोज दम लागेल इतपत वेगाने तिथे चालणाऱ्या माणसाला चौथ्या दिवशी वॉर्डात उभं करणं सोपं जातं.

आता संशोधनाचा हिशेब कुठे तुटतो ते सांगायला हवं. रुग्णाला आठव्या-दहाव्या दिवशी घरी सोडतात. तोपर्यंत ब्लॉकचा परिणाम केव्हाच संपलेला असतो, दुखणं असतंच, आणि पाच-सहा तासांचा प्रवास करून आलेला माणूस घरी आडवा होतो. त्यानंतर त्याची छाती भरली तर तो बोर्ली पंचतनच्या दवाखान्यात जातो. तो न्यूमोनिया तिथल्या केसपेपरवर लिहिला जातो, परळच्या नोंदवहीत कधीच पोचत नाही. आपल्याकडचा ब्लॉकवरचा अभ्यास रुग्णालयाच्या दारात संपला तर सगळेच ब्लॉक चांगले ठरतात. निदान दहाव्या आणि तिसाव्या दिवशी एक फोन, त्यात तीनच प्रश्न: ताप आला का, बेडका पिवळा-हिरवा पडतो का, जिना चढताना धाप आधीपेक्षा वाढली का. आणि उत्तर 'हो' आलं, तर त्याच दिवशी बोर्लीत एक्स-रे काढून घ्यायला सांगणं.